तारखेवरून वार, वारावरून दिवसांचा आकडा, आणि आकड्यावरून चंद्र: हे सगळं हाताने कसं काढायचं

२० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, त्या दिवशी वार कुठला होता? मोबाईलवर दोन सेकंदात कळतं, मान्य, पण हे डोक्यातल्या डोक्यात काढता येतं आणि त्याला काही फार हुशारी लागत नाही, छोट्या बेरजा आणि ७ ने भागून बाकी काढणं एवढं जमलं की झालं. आणि वार ही नुसती सुरुवात आहे. तारीख लिहायला बरी असते पण हिशोबाला एकदम बेकार, महिने कधी ३० चे कधी ३१ चे, फेब्रुवारीचं आपलं वेगळंच, त्यात लीप वर्ष मध्येच घुसतं, म्हणून आधी खगोलवाल्यांनी आणि नंतर कॉम्प्युटरवाल्यांनी सेम युक्ती केली: तारीख आली की पहिल्यांदा तिचा एक सरळ चढता दिवसांचा आकडा करून टाकायचा, जे काय गणित करायचं ते त्या आकड्यावर, आणि शेवटी गरज असेल तरच परत तारीख. ही एक सवय लागली की वार, दोन तारखांमधलं अंतर, त्या रात्री चंद्र कसा होता, कॉम्प्युटरच्या फाईलमधला तो विचित्र दहा आकडी नंबर म्हणजे काय, सगळं एकाच वाटेने सुटतं.

पण आधी कागदाशिवायची पद्धत, कारण लोकांसमोर भाव खायला तीच उपयोगी पडते.

डोक्यात वार काढायचा

ही पद्धत जॉन कॉनवे नावाच्या गणितज्ञाने १९७३ मध्ये बसवली, त्याने तिला डूम्सडे (म्हणजे प्रलयाचा दिवस) असं भयानक नाव दिलंय. कॉनवेने म्हणे स्वतःचा कॉम्प्युटरच असा लावून ठेवला होता की लॉगिन करताना मशीन आधी कुठल्याही तारखा टाकून वार विचारणार, त्यामुळे त्याचा हात (म्हणजे डोकं) इतका बसला होता की दोनेक सेकंदात उत्तर द्यायचा.

गोष्ट अशी आहे की कुठल्याही वर्षात काही ठराविक तारखांना एकच वार येतो. ४/४, ६/६, ८/८, १०/१०, १२/१२, हे पाच तर पाठ करायचीही गरज नाही. मग ९/५ आणि उलटं ५/९, आणि ११/७ आणि उलटं ७/११, इथे तारीख आधी की महिना आधी हा घोळच होत नाही कारण दोन्ही जोड्या उलटसुलट चालतात. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, मग तो २८ असो की २९, तोही त्याच वाराचा, आणि त्यामुळे ७ मार्च आणि १४ मार्च पण. जानेवारीत जरा लक्ष द्यायचं, साध्या वर्षात ३ तारीख, लीप वर्षात ४. या कॉमन वाराला आपण त्या वर्षाची खुंटी म्हणू, कारण बाकीच्या सगळ्या तारखा तिच्यावरच टांगायच्यात. २०२६ ची खुंटी शनिवार, २०२७ ची रविवार, आणि २०२८ लीप असल्याने एक वार गाळून थेट मंगळवार. कॅलेंडर काढून ४/४ आणि ६/६ बघून घ्या एकदा, म्हणजे विश्वास बसेल.

मग प्रश्न उरतो की कुठल्याही वर्षाची खुंटी कशी काढायची. शतकाची पाठ करायची: १७०० ला रविवार, १८०० ला शुक्रवार, १९०० ला बुधवार, २००० ला मंगळवार, आणि २१०० ला परत रविवार, म्हणजे चारच लक्षात ठेवायचे, पुढे मागे तेच फिरतात. त्यानंतर वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे. १९६९ साठी ६९. त्याला १२ ने भागा, भाग जातो ५ वेळा, बाकी ९. आता त्या बाकीत ४ किती वेळा बसतात, २ वेळा. तिघांची बेरीज ५ + ९ + २ = १६, त्यातून सातचे गट काढून टाका, उरले २. शतकाचा वार बुधवार, त्यात २ मिळवले, शुक्रवार. झाली १९६९ ची खुंटी. जुलैमधली खुंटीची तारीख ११/७, म्हणजे ११ जुलै शुक्रवार, १८ जुलै पण शुक्रवार, मग २० जुलै रविवार. रविवारी उतरले ते.

१२ ने का भागायचं असं विचाराल तर ३६५ म्हणजे ५२ आठवडे आणि वर १ दिवस, त्यामुळे दर वर्षी वार एकने पुढे सरकतो आणि लीप वर्षी दोनने. १२ वर्षांत असे १२ अधिक ३ लीपचे म्हणजे १५ दिवस होतात, १५ म्हणजे दोन आठवडे आणि १. तर १२ वर्षं = एक वार पुढे. मग उरलेल्या वर्षांचा प्रत्येकी एक आणि त्यातल्या लीप वर्षांचा जास्तीचा एक, बस. पाठ करण्यापेक्षा हे एकदा समजून घेतलं की विसरायला होत नाही.

अजून एकदोन करून बघू. कॉम्प्युटर विज्ञानाचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२. १२ ला १२ ने भागलं, १, बाकी शून्य, बुधवार + १ = गुरुवार. ६/६ गुरुवार, १३ आणि २० पण गुरुवार, २३ रविवार. पहिली प्रोग्रामर मानली जाणारी ॲडा लव्हलेस, १० डिसेंबर १८१५: १५ मध्ये १२ एकदा, बाकी ३, त्यात ४ बसत नाहीत, १ + ३ = ४, शुक्रवार + ४ = मंगळवार, १२/१२ मंगळवार तर १० तारीख रविवार. आता हे वाचून सगळे रविवारीच जन्मतात असं वाटेल, तर स्पुटनिक करा, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह वर गेला ती तारीख, ४ ऑक्टोबर १९५७, उत्तर शुक्रवार यायला हवं.

याचा खरा उपयोग मला वाटतो तो ऐकीव माहिती ताडून बघायला. तो प्रसिद्ध पतंगाचा (म्हणजे दिव्यावर येतो त्या किड्याचा) किस्सा घ्या, हार्वर्डच्या मार्क टू या जुन्या कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये (विजेने उघडबंद होणाऱ्या स्विचमध्ये) एक पतंग अडकलेला सापडला, दुपारी ३:४५ ला तो चिकटपट्टीने लॉगबुकात चिकटवला आणि खाली लिहिलं की बग सापडल्याची ही पहिली प्रत्यक्ष केस (बग म्हणजे किडा, पण मशीनमधल्या बिघाडाला हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून इंजिनिअर लोक वापरत होते, गंमत तीच होती). पानावर ९ सप्टेंबर आहे, वर्ष १९४७. पण बऱ्याच ठिकाणी १९४५ छापलेलं असतं. १९४५ ची खुंटी काढा: ३ + ९ + २ = १४, म्हणजे शून्य, बुधवार. ५/९ बुधवार, १२ बुधवार, मग ९ तारीख रविवार. १९४७ ला तीच मंगळवारी येते. आता रविवार आला म्हणून काही सिद्ध होत नाही, लोक रविवारी पण काम करतात, पण शंका यायला तेवढं पुरतं, आणि मग शोधलं की कळतं १९४५ ला मार्क टू मुळात तयारच झाला नव्हता.

तारीख कुठल्या कॅलेंडरची आहे ते आधी बघा

इथे भले भले फसतात. वर जे सांगितलं ते आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरचं. त्याआधी ज्युलियन होतं, ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४५ पासून चालू केलेलं, दर चार वर्षांनी लीप, अपवाद काही नाही. म्हणजे सरासरी वर्ष ३६५.२५ दिवसांचं. पण ऋतूंचं वर्ष आहे ३६५.२४२२ दिवसांचं, फरक वर्षाला ११ मिनिटांच्या आसपास, ऐकायला काहीच नाही पण १२८ वर्षांत एक पूर्ण दिवस होतो. साठत साठत सोळाव्या शतकापर्यंत वसंत संपात (दिवस आणि रात्र सारखे होतात तो वसंतातला दिवस) २१ मार्चवरून ११ मार्चच्या आसपास आला, मग पोप ग्रेगरी तेरावा याने १५८२ मध्ये दहा दिवस सरळ उडवले. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर. वाराची साखळी मात्र तुटू दिली नाही हे आपल्या दृष्टीने भारी काम झालं. आणि पुढे असं होऊ नये म्हणून नियम: शतकाचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप. १६०० आणि २००० लीप, १७००, १८००, १९०० नाहीत, २१०० पण नसणार.

या नियमाने ४०० वर्षांत बरोब्बर १,४६,०९७ दिवस होतात आणि या आकड्याला ७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून तर शतकाच्या चारच खुंट्या आहेत. त्याचा एक विचित्र परिणाम असा की ४०० वर्षांतल्या ४८०० तेरा तारखा मोजल्या तर सगळ्यात जास्त वेळा, ६८८ वेळा, शुक्रवार येतो. तेरा तारखेच्या शुक्रवारला घाबरणाऱ्यांना हे सांगू नका.

प्रॉब्लेम हा की सगळ्या देशांनी एकदम बदललं नाही. ब्रिटनने १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. रशियाने १९१८ मध्ये, ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी, म्हणूनच ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरने नोव्हेंबरमध्ये येते. युनिक्स किंवा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर कॅल नावाची कमांड असते, तिला ९ आणि १७५२ असे दोन आकडे देऊन बघा, बऱ्याच सिस्टीमवर १, २ आणि लगेच १४ असा तोंडात दात नसलेला महिना छापून येतो, तो बग नाही, ब्रिटनचा इतिहास आहे.

आणि हो, गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला हे वाक्य तुम्ही नक्की वाचलं असेल. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, ही ग्रेगोरियन तारीख कारण इटलीत ते कॅलेंडर आलेलं होतं. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, ही इंग्लंडची ज्युलियन. दोन्ही एका कॅलेंडरमध्ये आणा, न्यूटन येतो ४ जानेवारी १६४३ ला. गेलं ते वाक्य. तर १५८२ नंतरची आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतची तारीख हातात आली की आधी विचारा, कुठल्या देशातली.

आता कागद घ्या: ज्युलियन दिवस

नाव सारखं असलं तरी हे आणि ज्युलियन कॅलेंडर वेगळं आहे. १५८३ मध्ये जोसेफ स्कॅलिजर याने २८, १९ आणि १५ वर्षांची तीन जुनी चक्रं एकत्र गुणून ७९८० वर्षांचं एक मोठं चक्र बनवलं, ती तिन्ही चक्रं एकदम सुरू होतात असं मागचं वर्ष शोधलं तर ते आलं इ.स.पू. ४७१३. इतकं मागे की लिखित इतिहासातली जवळजवळ कुठलीही तारीख त्याच्यानंतरच येते, ऋण आकड्याची कटकट नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन हर्शेलने हे खगोलात दिवस मोजायला वापरायचं सुचवलं आणि ते रुजलं. भारतीय ज्योतिर्गणितात अहर्गण म्हणून हीच कल्पना फार आधीपासून होती, तिथे मोजणी इ.स.पू. ३१०२ च्या फेब्रुवारीपासून.

ज्युलियन दिवस रात्री १२ ला नाही तर दुपारी १२ ला बदलतो, ग्रीनिचच्या वेळेने. कारण साधं आहे, युरोपातल्या दुर्बिणीवाल्याला एका रात्रीची सगळी निरीक्षणं एकाच आकड्याखाली हवी होती, मध्यरात्री नंबर बदलला तर वहीत घोळ.

कृती अशी. महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल तर महिन्यात १२ मिळवा आणि वर्षातून १ काढा, म्हणजे जानेवारी हा मागच्या वर्षाचा तेरावा महिना आणि फेब्रुवारी चौदावा. बाकी महिन्यांना हात लावायचा नाही. मग:

(वर्ष + ४७१६) × ३६५.२५, दशांश सोडून द्या.
(महिना + १) × ३०.६, इथेही दशांश सोडा.
दोन्हींची बेरीज, त्यात तारीख मिळवा.
त्यातून १३ वजा करा, आणि वर १५२४ वजा करा.

आलेला आकडा म्हणजे त्या दिवशी दुपारी १२ चा ज्युलियन दिवस. ते १३ म्हणजे शतकांच्या गाळलेल्या लीप वर्षांची दुरुस्ती, १ मार्च १९०० पासून २८ फेब्रुवारी २१०० पर्यंत १३ च, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या कामाचा काळ त्यात आला. इतर काळासाठी शतकाचा आकडा घ्या (१७८१ साठी १७), २ मधून तो वजा करा आणि त्याच शतकाच्या आकड्याचा चौथा हिस्सा दशांश सोडून मिळवा, जे येईल ते १३ वजा करण्याऐवजी बेरजेत घाला. ज्युलियन कॅलेंडरची तारीख असेल तर ही दुरुस्ती करायचीच नाही.

३०.६ कुठून आला हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात आवडतो. मार्चपासून महिने मोजा: ३१, ३०, ३१, ३०, ३१. बेरीज १५३. ऑगस्टपासून परत ३१, ३०, ३१, ३०, ३१, पुन्हा १५३. पाच महिन्यांचा पॅटर्न, १५३ भागिले ५ म्हणजे ३०.६. आणि वेडावाकडा फेब्रुवारी वर्षाच्या शेपटाला गेल्यामुळे त्याचे २८ की २९ यावर पुढचं काहीच अवलंबून राहत नाही, लीपचा जास्तीचा दिवस वर्षाच्या अगदी शेवटी येतो. महिन्यांची लांबी पाठ न करता एका गुणाकारात काम. प्रोग्राममध्ये टाकणार असाल तर मात्र ३०.६ लिहू नका, कॉम्प्युटरच्या बायनरीत (फक्त ० आणि १ ने आकडे लिहायच्या पद्धतीत) ३०.६ नेमका बसत नाही, काही मशीनवर ५ × ३०.६ चे १५३ ऐवजी १५२.९९९ येऊन दशांश सोडल्यावर १५२ होऊ शकतात, म्हणून जुने लोक ३०.६००१ लिहायचे. त्यापेक्षा १५३ ने गुणून ५ ने पूर्णांक भागाकार करा, विषय संपला.

२० जुलै १९६९ करू. १९६९ + ४७१६ = ६६८५, गुणिले ३६५.२५ = २४,४१,६९६.२५, घेतले २४,४१,६९६. महिना ७ + १ = ८, गुणिले ३०.६ = २४४.८, घेतले २४४. बेरीज २४,४१,९४०, त्यात २० मिळवून २४,४१,९६०, वजा १३, वजा १५२४, उत्तर २४,४०,४२३. आता याला ७ ने भागा, बाकी ६. बाकी ० म्हणजे सोमवार, १ मंगळवार असं करत ६ म्हणजे रविवार. मघाशी खुंटीवरून काढलेलाच आला.

दोन तारखांमधलं अंतर आता नुसती वजाबाकी. बदलत्या तेजाचे तारे बघणारे लोक आजही असंच काम करतात, अल्गोल हा तारा दर २.८६७ दिवसांनी मंदावतो, एकदा मंदावलेला ज्युलियन दिवस लिहून ठेवला की त्यात २.८६७ च्या पटी मिळवत जायच्या, पुढच्या वेळा आपोआप मिळतात. तारीख, तास, मिनिटं धरून हे करायला बसलात तर वेड लागेल.

त्या रात्री चंद्र कसा होता

दोनच आकडे लागतात. एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस, आणि एक माहितीची अमावस्या, ६ जानेवारी २००० ची, सरासरी हिशोबाने तिचा ज्युलियन दिवस २४,५१,५५०.१ धरतात.

आपल्या क्षणाचा आकडा घ्या. ईगल (चंद्रावर उतरलेलं यान) उतरलं ग्रीनिचच्या रात्री ८:१७ ला, दुपारी १२ नंतर सव्वाआठ तास, दिवसाचा जवळजवळ ०.३, म्हणजे २४,४०,४२३.३. दोन्हींतला फरक ११,१२६.८ दिवस, भागिले २९.५३०५९ म्हणजे ३७६.७९. पूर्णांक फेकून द्या, उरला ०.७९. आपली तारीख २००० च्या आधीची आहे म्हणून १ मधून वजा करायचा, ०.२१ (नंतरची असती तर ०.७९ तसाच ठेवला असता). ० म्हणजे अमावस्या, ०.२५ वाढता अर्धा चंद्र, ०.५ पौर्णिमा, ०.७५ उतरता अर्धा. ०.२१ गुणिले २९.५३ म्हणजे सव्वासहा दिवसांच्या आत-बाहेरचा चंद्र, अर्ध्याच्या जरा अलीकडचा. खरी अमावस्या १४ जुलैला होती, जुळलं.

आणि हा योगायोग नाही. उतरायची जागा चंद्राच्या पूर्वेकडच्या बाजूला होती, आणि सव्वासहा दिवसांच्या चंद्रावर तिथे नुकतीच सकाळ झालेली असते, सूर्य क्षितिजाच्या १०-११ अंश वर. लांब सावल्या पडतात आणि खड्डे, दगड वरून उठून दिसतात. सूर्य डोक्यावर असता तर सगळं सपाट पांढरं दिसलं असतं, म्हणून उड्डाणाची तारीख ठरवतानाच ही सकाळ धरलेली होती. एका भागाकारातून हे एवढं निघतं.

हिशोब सरासरीचा असल्याने अर्ध्या-पाऊण दिवसापर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं, चंद्राची कक्षा लंबवर्तुळ आहे, तो कधी भरभर कधी सावकाश जातो. ग्रहणाची मिनिटं काढायला हे वापरू नका, पण रात्री फोटो काढायला जायचं की नाही हे ठरवायला भरपूर झालं.

कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचे

कॉम्प्युटरच्या आत सेम आयडिया, फक्त सुरुवात प्रत्येकाने वेगळी धरली. १९५७ ला स्पुटनिक वर गेला तेव्हा स्मिथसोनियनच्या खगोल वेधशाळेत त्याच्या कक्षेचा हिशोब आयबीएम ७०४ वर चालायचा, ज्युलियन दिवसाचे सात आकडे मेमरीत उगाच जागा खात होते, म्हणून त्यांनी त्यातून २४,००,०००.५ वजा करून टाकले, आकडा १८ बिटमध्ये (बिट म्हणजे बायनरीतला एक ० किंवा १) बसला. याला सुधारित ज्युलियन दिवस म्हणतात, त्याचा शून्य येतो १७ नोव्हेंबर १८५८ च्या मध्यरात्री, आणि तो .५ दुपारची भानगड पण मिटवतो. पुढे व्हीएमएस ऑपरेटिंग सिस्टीमने घड्याळाची सुरुवात हीच धरली, त्यामुळे १९७० च्या दशकात आलेल्या सिस्टीमच्या आत १८५८ साल बसलेलं असायचं.

युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं. सुरुवातीच्या १९७१ च्या मॅन्युअलमध्ये मात्र मोजणी १९७१ पासून आणि सेकंदाच्या साठाव्या भागात होती, ३२ बिट अशाने सव्वादोन वर्षांतच भरून जातात, मग सेकंदावर आले. लॉग फाईलमध्ये दहा आकडी नंबर दिसला तर त्याला ८६,४०० ने (एका दिवसाचे सेकंद) भागा, ४०,५८७ मिळवा, सुधारित ज्युलियन दिवस हातात. नुसता वार हवा असेल तर भागाकाराचा पूर्णांक घ्या, ७ ने भागून बाकी काढा आणि गुरुवारपासून पुढे मोजा, कारण १ जानेवारी १९७० गुरुवार होता. २०३८ चा प्रसिद्ध घोळ असाच काढून बघा: ३२ बिटांचा चिन्हासकट सगळ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७, भागिले ८६,४०० म्हणजे २४,८५५ दिवस आणि वर ११,६४७ सेकंद. २४,८५५ ची बाकी ५, गुरुवार + ५ = मंगळवार. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, ग्रीनिचची पहाट ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. त्याच्या पुढच्या सेकंदाला जुनी ३२ बिटची घड्याळं ऋण आकड्यात जाऊन १९०१ दाखवणार.

एक बारीक गोष्ट, युनिक्स वेळ प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरते, १९७२ पासून आजवर घातलेले २७ लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला मध्येच घातलेले जास्तीचे सेकंद) ती मोजतच नाही. दिवसांच्या हिशोबाला याने काही बिघडत नाही उलट सोपं होतं, पण दोन घटनांमधले नेमके सेकंद हवे असतील तर लक्षात ठेवा. जीपीएस याच्या उलट, ते लीप सेकंदासाठी घड्याळ जुळवत नाही, ६ जानेवारी १९८० पासून प्रत्येक सेकंद मोजत सलग चालतं, म्हणून ते सध्या जगाच्या घड्याळाच्या १८ सेकंद पुढे आहे. त्याच्या जुन्या सिग्नलमध्ये आठवड्याचा नंबर १० बिटचा, म्हणजे १०२४ आठवड्यांनी परत शून्य, तसं १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये होऊन गेलं.

एक्सेलमध्ये तारखेचा सेल चुकून नंबर फॉरमॅटमध्ये गेला की ४५ हजारच्या वर काहीतरी दिसतं, घाबरू नका, तो पण दिवसांचाच आकडा, त्यात १५,०१८ मिळवा, सुधारित ज्युलियन दिवस येतो. हे १ मार्च १९०० पासून पुढेच चालतं, कारण एक्सेल १९०० ला लीप वर्ष धरतं आणि नसलेली २९ फेब्रुवारी १९०० बिनधास्त दाखवतं. चूक मूळची लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीटची, एक्सेलने लोटसच्या फायली तशाच उघडाव्यात म्हणून ती मुद्दाम जपली आणि आता काढायची सोय नाही. एका शीटमधून दुसरीकडे तारखा नेल्यावर सगळ्याच १४६२ दिवसांनी सरकल्या तर ती वेगळी केस, एक फाईल १९०४ वाली (म्हणजे १९०४ पासून दिवस मोजणारी) असते, जुन्या मॅककडून आलेली.

आणि दिवसांवरून तारीख काढणारा कोड स्वतः लिहिणार असाल तर झूनचा किस्सा माहीत असू द्या. मायक्रोसॉफ्टच्या त्या म्युझिक प्लेअरचं पहिलं मॉडेल ३१ डिसेंबर २००८ ला जगभर एकदम बंद पडलं. आतला लूप (परत परत फिरणारा कोडचा तुकडा) असा होता: दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फिर, वर्ष लीप असेल तर दिवस ३६६ पेक्षा जास्त असल्यास ३६६ वजा कर आणि वर्ष वाढव. २००८ लीप, ३१ डिसेंबर हा ३६६ वा दिवस. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त, म्हणून लूप चालू. ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त नाही, म्हणून वजा काहीच नाही. बसला फिरत. उपाय सांगितला तो पण काय, बॅटरी संपू द्या आणि १ जानेवारी उजाडल्यावर चालू करा.

म्हणून स्वतःच्या कोडला निदान या तारखा टाकून बघा: २९ फेब्रुवारी २००० (मंगळवार), २८ फेब्रुवारी १९०० चा दुसरा दिवस (१ मार्च, गुरुवार), ३१ डिसेंबर २००८ (बुधवार), २८ फेब्रुवारी २१०० चा दुसरा दिवस (१ मार्च, सोमवार). आणि युनिक्स सेकंदात उणे १ टाका, ३१ डिसेंबर १९६९ ची रात्र ११:५९:५९, बुधवार, असं यायला पाहिजे. सी सारख्या प्रोग्रामिंगच्या भाषेत इथे दोन ठिकाणी फसतं, उणे १ ला ८६,४०० ने पूर्णांक भागलं तर उत्तर ० येतं म्हणजे दिवस १ जानेवारीचाच राहतो, आणि उणे १ ला ७ ने भागल्यावर बाकी ६ न येता उणे १ येते. भागाकार नेहमी खालच्या पूर्णांकाकडे न्या, आणि बाकीत ७ मिळवून परत एकदा ७ ने भागून घ्या.